लॉर्नचा दुखरा गुडघा

माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे तुम्ही उगाच हळहळायला नको. आमच्या एल्मस्टोन गावाने महिनाभर हळहळ केली, तेवढी पुष्कळ झाली.

झालं असं की फेब्रुवारीतल्या एका सकाळी लॉर्न टोस्टला लोणी लावत बसला होता आणि मी म्हटलं, "या वर्षी मार्चच्या स्पर्धेत कॅप्टन मी होणार."

"कसली कॅप्टन?"

"कर्लिंगची. दुसरं काय खेळतो आपण?"

कॅनडातल्या सॅस्कॅचवानच्या हिवाळ्यात दुसरं काही खेळायची सोयच नाही. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये बर्फ गोठवायचा आणि त्यावर दगड सरकवत बसायचं. चौघांचा संघ. एक जण मूठ लावलेला जड दगड सरकवतो, दोघं त्याच्यापुढे झाडूने बर्फ घासत पळतात म्हणजे दगड लांब जातो, आणि कॅप्टन पलीकडच्या टोकाला वर्तुळात उभा राहून, नेम कुठे धरायचा तिथे आपला झाडू टेकवतो आणि बोंबलतो. ज्याचा दगड मधल्या ठिपक्याच्या जास्त जवळ, त्याला गुण. संपलं.

स्त्री-पुरुषांच्या मिश्र संघात दोन बायका, दोन पुरुष. आणि कॅप्टन पुरुष. असं कुठे लिहिलेलं नाही बरं का. कुणाला विचारलंत तर म्हणेल, छे, असं काही नाही, कुणीही होऊ शकतं. पण क्लबच्या भिंतीवरचे विजेत्यांचे फोटो बघा. मधोमध झाडू रोवून उभा तो, आणि बाजूला मान तिरकी करून हसणारी ती. मी लग्न झाल्यापासून व्हाइस कॅप्टन. आमच्या संघाचं नाव काय, तर 'लॉर्नचा संघ'.

बरं, लॉर्न वाईट खेळतो असंही नाही. पण माणूस फार सभ्य. आमच्या खेळात पंच नसतो. आपण हरणार असं दिसलं की कॅप्टनने हातमोजा काढायचा आणि समोरच्या कॅप्टनला हात द्यायचा. हातात हात मिळाला की खेळ तिथेच संपला. त्यात कमीपणा नाही, उलट मोठेपणा मानतात. लॉर्नला हा मोठेपणा जरा लवकरच सुचतो. दगड शिल्लक असतात आणि हा हात देऊन मोकळा. घरी येताना मी गाडीत धुसफुसत. "अरे, अजून दोन दगड होते आपले!"

"जाऊ दे गं. उगाच किती ताणायचं?"

मी ताणणारी बाई आहे. शेवटचा दगड थांबेपर्यंत मला घरी जायचं नसतं.

तर त्या सकाळी लॉर्नने टोस्ट खाली ठेवला. "लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

त्याने खरंच विचार केला. "काही नाही म्हणा," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "एक वर्ष करून बघ. तीनपैकी दोन सामने जिंकलीस तर झाडू तुझा. नाही जिंकलीस तर पुढच्या वर्षीपासून गुपचूप माझा मला परत. पुन्हा विषय काढायचा नाही."

स्वतः कॅप्टन होताना त्याला अशी अट कुणी घातली होती, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "कबूल."

दोन दिवसांनी आम्ही किराणा-हार्डवेअरच्या दुकानात गेलो. तिथे डेल्बर्ट भेटला. डेल्बर्टचं ट्रॅक्टरचं दुकान आहे, आणि क्लबमधला सगळ्यात नावाजलेला कॅप्टनही तोच. मनाने चांगला हो. गेल्या हिवाळ्यात आमची गाडी रस्त्याकडेच्या बर्फात रुतली, तर हा पठ्ठ्या ट्रॅक्टर घेऊन धावत आला. गाडी ओढून काढली आणि लॉर्नला म्हणाला, "हिच्या हातात गाडी देत जाऊ नकोस रे." गाडी लॉर्न चालवत होता. मी शाळेची बस चालवते, उणे चाळीसात, गावातली सगळी पोरं घेऊन. त्यावर डेल्बर्टचा ठरलेला विनोद, "काय राणी, ती बस रिव्हर्स कोण घेऊन देतं तुला?" त्याला सगळ्याच बायका राणी.

"हे काय ऐकतोय मी?" डेल्बर्ट म्हणाला. मला नाही, लॉर्नला. "दार्का कॅप्टन? का रे गड्या, तुला काय झालं?"

आता खरं म्हणजे उत्तर अगदी सोपं होतं. तिला व्हायचं आहे. तीन शब्द. लॉर्नने माझ्याकडे बघितलं, खिळ्यांच्या बरण्यांकडे बघितलं, आणि म्हणाला, "गुडघा."

मी तिथेच उभी होते. खांद्यावर कुत्र्याच्या खाण्याचं भलंमोठं पोतं घेऊन.

"अरेरे!" डेल्बर्टचा चेहरा एवढासा झाला. "कुठला?"

"उजवा," लॉर्न म्हणाला. आणि दुकानातून बाहेर पडताना, देवाशप्पथ सांगते, तो लंगडला.

गाडीत मी त्याला असं झाडलं म्हणता! "अरे, खोटं कशाला बोललास?"

"पटकन तेवढंच सुचलं. आणि त्याने तुझाच त्रास वाचला ना? आता कुणी काही विचारणार नाही."

कुणी विचारलं नाही हे खरं. सगळे जेवण घेऊन आले. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की भांडं भरून कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेलं जेवण, नेऊन द्यायची पद्धत आहे. पहिल्याच आठवड्यात आमचा फ्रिज भरला. नूडल्सचा कॅसरोल, हॅमचा, बटाट्याचा, वर चिप्स चुरून भाजलेला. लॉर्न सोफ्यावर पाय लांब करून बसायचा आणि चवीने खायचा. मला बायको म्हणून बक्कळ सहानुभूती मिळाली. कॅप्टन म्हणून एका माणसाने अभिनंदन केलं असेल तर शपथ.

डेल्बर्टची बायको व्हर्ना सगळ्यात मोठं भांडं घेऊन आली. व्हर्ना त्याच्या संघाची व्हाइस कॅप्टन, म्हणजे माझ्यासारखीच आयुष्यभराची. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "किती गं सांभाळून घेतेस त्याला."

मला राहवलं नाही. "व्हर्ना, त्याचा गुडघा ठणठणीत आहे. मलाच व्हायचं होतं कॅप्टन. मी मागितलं."

व्हर्नाने माझ्याकडे टक लावून बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "असंच सांगत जा," ती म्हणाली. "पुरुषमाणसाला कमीपणा वाटता कामा नये. शहाणी आहेस."

आता बोला! खरं सांगितलं तर तेही त्याच्याच खात्यावर जमा. मी कपाळावर हात मारला आणि कॅसरोल फ्रिजमध्ये कोंबला.

स्पर्धा सुरू झाली. आमच्या संघात आम्ही दोघं, शिवाय मारेन आणि एल्डन. मारेन प्राथमिक शाळेत शिकवते, वयाने लहान, अंगाने चिमणी, आणि झाडू घासायला लागली की बर्फाला घाम फुटतो. एल्डन शेतकरी, एकटा राहतो आणि महिन्याला मोजकी वाक्यं बोलतो. मी कॅप्टन होणार हे त्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता, "बरं." अख्ख्या गावात एवढं सरळ कुणी बोललं नव्हतं.

शुक्रवारी आम्ही जिंकलो. शेजारच्या गावची तरुण पोरं होती, चांगली खेळली. हात द्यायला त्यांचा कॅप्टन थेट लॉर्नकडे गेला. "भारी काका! गुडघा दुखत असताना सगळं तुम्हीच सांगत होतात ना तिला?" आणि लॉर्न हसून "नाही रे, नाही रे," म्हणाला. पण असं म्हणाला, की ऐकणाऱ्याला 'हो' वाटावं.

शनिवारी आम्ही हरलो. तेव्हा मात्र हात द्यायला बरोबर माझ्याकडे आले. "फार भार पडला बिचारीवर," असं काचेआडच्या प्रेक्षकांच्या बाकांवर बोलणं चाललं होतं. जिंकलो तर लॉर्नचं मार्गदर्शन आणि हरलो तर माझं डोकं, असा एकूण हिशेब.

म्हणजे रविवारचा तिसरा सामना मला जिंकायलाच हवा होता. आणि तो डेल्बर्टशी.

रविवारी दुपारी बाकीचे कॅप्टन काचेपाशी कॉफीचे कप घेऊन उभे होते. बर्फ कुठे संथ झालाय, कुठे दगड जास्त वळतोय, बघत होते. मी स्वयंपाकघरात होते. क्लबच्या जेवणाची पाळी बायकांची, आणि पेरोगीसाठी, म्हणजे आमच्या उकडलेल्या करंज्यांसाठी, बटाटे कुस्करायला माझं नाव लागलं होतं. म्हटलं, "अगं, माझा सामना आहे आता. मला बर्फ बघायचाय."

"मग लॉर्न बघतोय की!" आतून आवाज आला. "तू एवढं पातेलं संपव."

मी पातेलं संपवलं. एवढ्या जोरात कुस्करले बटाटे, की त्या दिवशीच्या पेरोगी फार मऊ झाल्या म्हणून सगळ्यांनी वाखाणल्या.

बर्फावर उतरले तर डेल्बर्ट लॉर्नच्या खांद्यावर हात टाकून उभा. मला बघून म्हणाला, "ये राणी, ये. झाडू घरचा आणलास की क्लबचा?" आणि स्वतःच हसला. मग लॉर्नला, "तिला सांग हां, डावीकडून बर्फ जरा ओढतोय."

"मी इथेच आहे, डेल्बर्ट," मी म्हटलं.

"हो हो, तुलाच सांगतोय," तो लॉर्नकडे बघत म्हणाला.

पण खेळ सुरू झाला आणि सांगते, मजा आली. असं वर्तुळात उभं राहून, स्वतःच्या मनाने झाडू टेकवून, पोटातून ओरडायचं सुख मला या तीन दिवसांतच पहिल्यांदा मिळत होतं. "घासा! घासा! सोडा!" माझा आवाज बसचा आवाज आहे, मागच्या बाकावरच्या पोरालाही जागेवर बसवतो. मारेन आणि एल्डन जिवाच्या आकांताने घासत होते. डेल्बर्ट एक गुण घ्यायचा, आम्ही एक काढायचो. लॉर्नही झकास खेळत होता. फक्त मधूनमधून त्याला लंगडायचं आठवायचं. कधी उजव्या पायाने लंगडे, कधी डाव्या.

एकदा डेल्बर्टच्या एका दगडाला त्याचाच झाडू लागला, म्हणजे तो दगड बाद. कुणीही बघितलं नव्हतं. त्याने आपणहून हात वर केला आणि दगड बाजूला काढला. आमच्यात असंच असतं. आपली चूक आपण सांगायची. यात डेल्बर्ट अगदी कडक, हेही सांगायला हवं.

शेवटची फेरी आली तेव्हा गुण सारखे होते. डेल्बर्टचा पिवळा दगड मधल्या ठिपक्याला जवळजवळ चिकटून बसलेला. त्याच्या पुढ्यात, त्याला अर्धा झाकून, दुसरा पिवळा. आणि उरला होता फक्त एक दगड. आमचा, लाल. माझा.

कठीण होतं, नाही कोण म्हणतं? पुढच्या दगडाला न लागता बाजूने वळवून आणायचा आणि मागच्या पिवळ्याला असा टोला द्यायचा, की तो बाहेर आणि आपला तिथेच. पण मार्ग होता. मी वर्तुळात वाकून बघितला. लॉर्नला जागा दाखवली. "इथे झाडू धर. इथे. इंचभर हलवू नकोस." स्वतःचे दगड टाकायला कॅप्टनला पलीकडच्या टोकाला जावं लागतं, तोवर नेमासाठी झाडू धरायचं काम व्हाइस कॅप्टनचं.

मी बर्फाच्या त्या टोकाला गेले. रबराच्या टेकूवर पाय रोवला. दगड उलटा करून त्याचा तळ पुसला. मान वर केली.

लॉर्नचा झाडू बर्फावर नव्हता. काखेत होता. त्याच्या उजव्या हातात मोजा नव्हता. डेल्बर्टच्याही नव्हता. आणि दोघं वर्तुळाच्या मधोमध उभे राहून एकमेकांचा हात हलवत होते.

डेल्बर्ट काय म्हणाला ते मला नंतर कळलं. "लॉर्न, तो दगड तिला जमायचा नाही रे. सगळं गाव काचेला नाक लावून बसलंय. कशाला बिचारीचं हसं? तू हात दे, मी घेतो, विषय मिटला." आणि माझ्या सभ्य नवऱ्याला वाटलं, बायकोवर केवढे उपकार करतोय आपण. त्याने दिला हात.

मारेन पुढून धावत आली. "दार्का, त्यांनी हात मिळवला. संपला गं खेळ."

एल्डनने झाडूवर हनुवटी टेकवली. "कुणी मिळवला?" तो म्हणाला.

मला तेव्हा काय झालं ते सांगते. आधी रडू आलं. राग नंतर आला. इतकी वर्षं मी त्या बर्फावर मागे उभी राहिले, शेवटच्या दगडाची वाट बघत, आणि आज तो माझ्या हातात होता, हाताला गार लागत होता, आणि तिकडे दोघे जण तो माझ्या हातातून काढून घेत होते. मला न विचारता, माझ्याच भल्यासाठी, हसत हसत. मग म्हटलं, रडायचं ते घरी. दगड आत्ता.

"जागेवर जा," मी मारेनला म्हटलं. "दोघं जा. मी टाकतेय."

"पण नेम कुठे? लॉर्नने झाडू..."

खरंच की. नेम कुठे धरायचा? मी बघितलं. मी लॉर्नला जिथे झाडू धरायला सांगितलं होतं, नेमक्या तिथे आता डेल्बर्टचा डावा बूट होता. काळा, चकचकीत, मस्तपैकी दिसणारा.

मी त्या बुटावर नेम धरला आणि दगड सोडला.

सुटतानाच कळलं, चांगला सुटलाय. "घासा!" मी अशी ओरडले, की काचेआड एकाचा कप हिंदकळला म्हणे. मारेन आणि एल्डन सुटले. दगड घरघरत निघाला. तिकडे दोघं अजून हात हातात घेऊन गप्पाच मारत होते, बहुतेक ट्रॅक्टरच्या. "घासा! घासा! अजून!" तेव्हा डेल्बर्टने मान वळवली, येणारा दगड बघितला आणि बाजूला उडी मारली. आणि लॉर्नने, दुखऱ्या गुडघ्याच्या लॉर्नने, दोन्ही पाय जवळ घेऊन अशी टुणकन उडी मारली, की विशीतल्या पोराने लाजावं. सगळ्या गावाने बघितली ती.

दगड बुटाच्या रिकाम्या जागेकडे गेला, शेवटी वळला, पुढच्या पिवळ्याला चाटून न चाटल्यासारखा करून आत शिरला आणि मागच्याला ठणकन लागला. पिवळा वर्तुळाबाहेर. लाल तिथेच गिरकी घेऊन थांबला, ठिपक्याच्या काठावर.

काचेआडून एकदम आरडाओरडा झाला. मारेन बर्फावर आडवी पडून पाय झाडत होती. मी त्या टोकावरून चालत निघाले. फार लांब वाटलं ते अंतर.

मी पोचले तेव्हा डेल्बर्ट मोजा चढवत होता. "छान टाकलास राणी, खरंच छान. पण तो धरता येणार नाही. आम्ही आधीच हात मिळवला होता. हात मिळवला की संपलं, तुला माहीत आहे."

"माझा हात कुणी मिळवला?" मी विचारलं.

"लॉर्नने दिला ना. लॉर्न, गड्या, सांग तिला."

लॉर्न काही बोलेना. तो लाल दगडाकडे बघत होता. मला बोलता आलं असतं. दहा गोष्टी तोंडाशी होत्या. पण हे वाक्य माझं नव्हतं, त्याचं होतं, आणि ते तो बोलतो की नाही हे मला बघायचं होतं.

तेवढ्यात व्हर्ना वर्तुळात आली. तिने झाडूच्या दांड्याने नवऱ्याच्या पोटरीला हळूच ढोसलं. "डेल्बर्ट, बाहेर हो. शेवटी गुण कोण ठरवतं? दोन्ही व्हाइस कॅप्टन. म्हणजे मी आणि लॉर्न. कॅप्टन लोकांचं इथे काम नाही."

"व्हर्ना, तू मध्ये..."

"मी मध्येच असते," ती म्हणाली. "आयुष्यभर मध्येच उभी आहे. हो बाहेर."

डेल्बर्ट झाला बाहेर! त्यालाच आश्चर्य वाटलं असावं. व्हर्ना वाकली. "लाल जवळ आहे. मला दिसतोय. तुला दिसतोय का, लॉर्न?"

"दिसतोय," लॉर्न म्हणाला. मग त्याने खोल श्वास घेतला आणि हात वर केला, सगळ्यांना दिसेल असा. आपली चूक आपण सांगताना करतात तसा. "डेल्बर्ट, मी दिलेला हात हिशेबात धरू नकोस. मी कॅप्टन नाही. ती आहे. तिला न विचारता हात द्यायचा मला काही अधिकार नव्हता." तो थांबला. मला वाटलं, झालं. पण तो पुढे बोलला. "आणि माझा गुडघा दुखत नाही. कधीच दुखत नव्हता. तिने मागितलं आणि ती माझ्यापेक्षा चांगली खेळते, म्हणून ती कॅप्टन. एवढं सांगायची मला लाज वाटली."



व्हर्नाने कमरेवर हात ठेवले. "म्हणजे माझा अख्खा कॅसरोल तू फुकट हादडलास?"

"भांडंही चाटून पुसून दिलं," मी म्हटलं.

आधी मारेन फुटली, मग व्हर्ना, मग एल्डनसुद्धा. डेल्बर्टने वाकून दगड स्वतः बघितला. मग त्याने नुकताच चढवलेला मोजा पुन्हा काढला, माझ्यासमोर आला आणि हात पुढे केला. मी सांगितलं ना, चुकीच्या बाबतीत माणूस कडक आहे.

"नशीब जोरावर होतं तुझं," तो म्हणाला.

"तुझ्या बुटाचे उपकार," मी म्हटलं. तो आपल्या बुटाकडे बघत बसला. अजून त्याला ते कळलेलं नाही, आणि मी सांगणारही नाही.

जिंकलेल्यांनी हरलेल्यांना एकेक पेला पाजायचा आणि सगळ्यांनी एकाच टेबलाला बसायचं, असा आमचा रिवाज. मी बिअर आणली. माझ्या हातच्या पेरोगी आल्या. डेल्बर्टने पहिला घोट घेतला, मिशा पुसल्या आणि मनापासून म्हणाला, "काही म्हण लॉर्न, शिकवलंस हां तिला चांगलं."

व्हर्नाने त्याला कोपराने ढोसलं.

"आता काय? स्तुतीच करतोय की मी!"

खरंच स्तुतीच करत होता बिचारा. मला हसू आवरेना. माणूस एका दुपारी किती बदलणार? बुटाच्या मापाएवढा हलला, ते काय थोडं झालं?

"मग लॉर्न," डेल्बर्टने पुढे विचारलं, "पुढच्या वर्षीही तिलाच कॅप्टन करणार का?"

लॉर्नने तोंड उघडलं. त्याच्या आधी मी बोलले. "पुढच्या वर्षी लॉर्नला संघात घ्यायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही."

टेबल दणाणून गेलं. एल्डनने टेबलावर थाप मारली. सगळ्यात मोठ्याने लॉर्न हसला.

बाहेर आलो तेव्हा उजेड होता अजून, आणि थंडी नाक कापत होती. इंजिन गोठू नये म्हणून लावलेली विजेची वायर काढून लॉर्न ती हातावर गुंडाळायला लागला. गुंडाळता गुंडाळता त्याने विचारलं, "तू गंमत करत होतीस ना मघाशी?"

"अर्धी."

"आणि उरलेली अर्धी?"

"तिथे वर्तुळात तू गप्प उभा होतास ना," मी म्हटलं, "तेवढा वेळ मी विचार करत होते, की हा आता काही बोललाच नाही, तर मी घरी कुणाबरोबर जायचं."

त्याचे हात थांबले. थंडीने त्याचे डोळे ओले झाले होते, निदान मी तरी तसं धरलं.

"फार वेळ लावला का मी?"

"लावलास."

तो वायर मागच्या सीटवर टाकत म्हणाला, "पुढच्या वेळी लवकर बोलेन."

"पुढच्या वेळी संघात असलास तर," मी म्हटलं.